औषध येईल तेव्हा किडनी शिल्लक हवी

प्रश्न असा आला आहे: "वय २९, राहायला ऐरोली, नोकरी महाप्याला. वडिलांना पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे. ५२व्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू झालं, आता आठवड्यातून तीनदा वाशीला न्यावं लागतं. मार्चमध्ये कंपनीच्या तपासणीत माझं बीपी १३८/८८ निघालं म्हणून सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्यांत भरपूर सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेले फुगे. उजवी किडनी १६ बाय ७ बाय ६.५ सेंटिमीटर, डावी १५.५ बाय ७ बाय ६.५. माझी उंची १७० सेंटिमीटर. क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आत्ता करण्यासारखं काही नाही, वर्षाने या. मावसभावाने जनुकाच्या इंजेक्शनची बातमी पाठवली आहे. दोन-तीन वर्षांत ते येणार असेल तर तोवर थांबू का, की टॉल्व्हाप्टन सुरू करू? पाणी किती प्यायचं? बहीण २४ची आहे, तिच्यासाठी स्थळं बघतोय. तिची तपासणी करायची का? आत्याला हा आजार होता का ते कळलंच नाही, ती ४४व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली."

तुमचं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण वाचताना मी तिथेच थांबले. या आजारात फुगे फक्त किडनीत येतात असं नाही. यकृतात येतात, आणि काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एका ठिकाणी पातळ होऊन तिथेही फुगवटा धरतो. सर्वसाधारण लोकांत असा फुगवटा शंभरात दोघा-तिघांना असतो, या आजाराच्या पेशंटांत शंभरात नऊ ते बाराजणांना. घरात कुणी असा फुगवटा फुटून गेलं असेल तर प्रमाण याहूनही वाढतं. आत्या वडिलांची सख्खी बहीण, वय ४४, मेंदूत रक्तस्राव. तिची किडनी कुणी तपासली नसेल, पण मी तिला हा आजार होता असं धरूनच चालेन.

म्हणून तुमचं पहिलं काम मेंदूचा एमआर अँजिओग्राम. त्याला शिरेतून रंगद्रव्य टोचावं लागत नाही, किडनीवर भार येत नाही. बहुतेकांचा रिपोर्ट स्वच्छ येतो. लहान फुगवटा सापडला तर ठरावीक काळाने पुन्हा बघतात, मोठा किंवा धोक्याच्या जागी असेल तर मेंदूचे सर्जन तो आतून तारेच्या गुंडाळीने भरतात किंवा बाहेरून चिमटा लावतात. वडिलांचाही करून घ्या. डायलिसिसच्या धावपळीत ते राहून गेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, एका क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी झाली तर गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.

आता किडनी. ठाण्यात मी वीस वर्षांहून जास्त काळ किडनीचेच पेशंट बघते आहे आणि या आजारात मला सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य म्हणजे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काही करायचं नाही." माझ्या शिकण्याच्या काळात ते खरंही होतं, कारण हातात काही नव्हतं. आज ते खरं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, या आजारात फार उशिरा बोलतं. फुगे वाढत असतात, निरोगी भाग दाबला जात असतो, आणि उरलेल्या गाळण्या दुप्पट काम करून आकडा सांभाळून नेत असतात. वीस-वीस वर्षं हे चालतं. आकडा हलतो तेव्हा निम्मी किडनी गेलेली असते.

बघायची असते ती फुगे वाढण्याची गती, आणि ती काढायला लागणारं सगळं तुमच्या पत्रात आहे. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करायचा, त्याला ०.५२ ने गुणायचं. उजवी साधारण ३८० मिलिलिटर, डावी ३७०, मिळून ७५०. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून याच्या निम्म्याच्या आसपास भरतात. ७५० ला तुमच्या उंचीने, म्हणजे १.७ मीटरने भागलं की ४४० येतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ साली वय आणि उंचीनुसार आकारमानाचे पाच वर्ग पाडले, १ए पासून १ई पर्यंत. १ए मध्ये किडनी वर्षाला दीड टक्क्याहून कमी वाढते, १ई मध्ये सहा टक्क्यांहून जास्त. तुमच्या आकड्यांवरून वाढ वर्षाला ३.८ टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे तुम्ही १सी मध्ये बसता. या गतीने आकारमान साधारण १८ वर्षांत दुप्पट होतं. १सी मधल्या पुरुषांचं गाळण्याचं प्रमाण, ज्याला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात, सरासरीने वर्षाला सुमारे २.६ ने उतरतं. १.१ क्रिएटिनिनवर तुमचं ईजीएफआर आज ९३ च्या घरात आहे.

हा हिशेब सोनोग्राफीवरचा, म्हणून ढोबळ. सोनोग्राफीत मोठी किडनी एका चौकटीत मावत नाही आणि मोजणाऱ्याच्या हातागणिक फरक पडतो. मेंदूच्या अँजिओग्रामसाठी एमआरआयला जाणारच आहात तर त्याच खेपेला पोटाचाही साधा एमआरआय करून घ्या, आणि रिपोर्टवर दोन्ही किडन्यांचं एकूण आकारमान लिहून द्या असं चिठ्ठीवर आधीच मागा. मागितलं नाही तर "मल्टिपल सिस्ट्स" एवढंच लिहून येतं, आणि तेवढ्यावरून पुढचं काहीच ठरवता येत नाही.

वडिलांचं ५२वं वर्षही एक माहिती आहे. हा आजार मुख्यतः दोन जनुकांतल्या बिघाडाने होतो. १६व्या गुणसूत्रावरचं पीकेडी-१, ते १९९४ साली सापडलं, आणि चौथ्या गुणसूत्रावरचं पीकेडी-२, ते १९९६ साली. पीकेडी-२ च्या घरांत डायलिसिसची वेळ बहुतेकदा सत्तरी ओलांडल्यावर येते, काहींवर येतच नाही. पीकेडी-१ मध्ये प्रथिन पूर्ण न बनता अर्ध्यातच तुटेल असा बिघाड असेल तर ती साधारण पंचावन्नच्या आसपास येते. तुमचं घर या दुसऱ्या प्रकारचं दिसतं. जनुकीय चाचणी केली तर नक्की कळेल. ती चांगल्या प्रयोगशाळेतच करा, कारण पीकेडी-१ च्या सहा नकला त्याच गुणसूत्रावर असतात आणि ढिसाळ चाचणी खऱ्या जनुकाऐवजी नकलच वाचून येते. तुमच्यासाठी ही चाचणी आजच्या उपचाराला अत्यावश्यक नाही. पण नव्या औषधांपैकी एक थेट बिघाडाच्या प्रकारावर बेतलेलं आहे, त्यामुळे पुढे तिचा उपयोग होईल.

मावसभावाने पाठवलेली बातमी बहुधा फाराबर्सेन या औषधाची असावी. त्याला जनुकाचं इंजेक्शन म्हणतात, पण ते जनुक बदलत नाही. प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमची वडिलांकडून आलेली प्रत बिघडलेली, आईकडची चांगली. म्हणजे घरात कमावता एकच, आणि त्याच्याही पगारातून दर महिन्याला कपात होते. ही कपात करणारा पेशीतला एक छोटा रेणू आहे, मायक्रो-आरएनए-१७. चांगल्या प्रतीवरून जो निरोप प्रथिन बनवायला निघतो, त्याला हा चिकटतो आणि दाबून टाकतो. फाराबर्सेन या रेणूलाच अडवतं. कपात थांबली की चांगली प्रत जास्त प्रथिन देते. दर दोन आठवड्यांनी कातडीखाली टोचायचं हे औषध पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तीन महिने दिलं, तेव्हा पेशंटांच्या लघवीत पॉलिसिस्टिन हे याच जनुकाचं प्रथिन वाढलेलं दिसलं आणि किडनीची वाढ मंदावल्याची चिन्हं मिळाली. ते बनवणारी रेग्युलस कंपनी २०२५ मध्ये नोव्हार्टिसने विकत घेतली. मोठ्या कंपनीने पैसा लावला म्हणजे तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी नीट होईल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीन महिने आणि मोजकी माणसं, एवढ्यावर २९ वर्षांच्या मुलाला "थांबा" असं मी सांगू शकत नाही.

दुसरं औषध गोळीच्या रूपातलं, व्हर्टेक्स कंपनीचं व्हीएक्स-४०७. काहींच्या बिघाडात प्रथिन बनतं, पण त्याची घडी चुकते आणि पेशी ते फेकून देते. ही गोळी घडी नीट बसवायचा प्रयत्न करते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आनुवंशिक आजारात याच कंपनीने हीच कल्पना वापरून पेशंटांचं आयुष्य पालटून दाखवलं, म्हणून माझं लक्ष तिकडे आहे. २०२५ मध्ये याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. मर्यादा अशी की पीकेडी-१ मधल्या ठरावीक बिघाडांवरच ती चालेल, सगळ्या पेशंटांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास. प्रथिन अर्धवट तुटणाऱ्या घरांना तिचा उपयोग नाही. जनुकीय चाचणी पुढे कामाची ठरेल असं म्हणाले ते यासाठी.

आणि खरोखरच जनुक दुरुस्त करण्याचं काय? २०२१ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत बंद पडलेलं हे जनुक पुन्हा चालू केलं, तर आधीच झालेले फुगे आकसले आणि किडनी बऱ्याच अंशी पूर्ववत झाली. तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की एकदा झालेला फुगा परत जात नाही. अडचण अशी की जनुक पोचवायला जो निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्याच्या पोटात साधारण ४.७ हजार अक्षरांचा मजकूर मावतो, आणि पीकेडी-१ चा मजकूर जवळपास १३ हजार अक्षरांचा आहे. उंदरात जनुक आधीच आत ठेवलेलं होतं, माणसात ते बाहेरून न्यायचं आहे. यावर वाटा शोधणं चालू आहे, पण ही तुमच्या मुलांच्या पिढीची गोष्ट मानून चाला.

या क्षेत्रात आशेचं काय होतं हेही तुम्हाला माहीत असावं. २०१० मध्ये सिरोलिमस आणि एव्हरोलिमस या औषधांवर दोन मोठ्या चाचण्या आल्या. एव्हरोलिमसने आकारमानाची वाढ मंदावली, पण किडनीचं काम काही वाचलं नाही. लॅनरिओटाइड इंजेक्शनचं २०१८ मध्ये तसंच झालं. व्हेंग्लुस्टॅटची चाचणी २०२१ मध्ये गुंडाळली, लिक्सिव्हाप्टनची २०२२ मध्ये, बार्डोक्सोलोनची २०२३ मध्ये. यातल्या प्रत्येकाची बातमी कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. एक गृहस्थ, वागळे इस्टेटमध्ये त्यांचं स्वतःचं वर्कशॉप, व्हेंग्लुस्टॅट येईल म्हणून दोन वर्षं बीपीची गोळीही नीट घेत नव्हते. "ते आलं की सगळं एकदमच सुरू करू" म्हणायचे. ते औषध आलं नाही आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या ईजीएफआरचे अकरा आकडे गेले. मी त्यांना आणखी जोरात सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं, म्हणून तुम्हाला जोरात सांगते आहे. येणारं कुठलंही औषध उरलेल्या किडनीवर काम करणार. मेलेल्या गाळण्या त्यातलं एकही परत आणणार नाही.

मग आज हातात काय आहे? टॉल्व्हाप्टन आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल.

आपल्या शरीरात पाणी धरून ठेवायचा निरोप देणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक असतं. हाच निरोप फुग्याच्या पेशींना मिळाला की त्यांच्यात सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू वाढतो, त्या भराभर वाढतात आणि फुग्यात पाणी सोडतात. टॉल्व्हाप्टन हा निरोप किडनीपाशीच तोडतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेम्पो चाचणीत १४४५ पेशंट तीन वर्षं होते. औषध घेणाऱ्यांच्या किडन्या वर्षाला २.८ टक्क्यांनी वाढल्या, न घेणाऱ्यांच्या ५.५ टक्क्यांनी. पुढे २०१७ च्या रिप्राइज चाचणीत, जिथे आजार बराच पुढे गेलेले पेशंट होते, वर्षभरात ईजीएफआर औषधाने २.३४ ने उतरलं आणि औषधाविना ३.६१ ने. घसरण साधारण एक तृतीयांशाने कमी झाली. जपानने हे औषध २०१४ मध्ये मंजूर केलं, युरोपने २०१५ मध्ये, अमेरिकेने २०१८ मध्ये.

हा आजार त्याने बरा होत नाही. पण वयाच्या तिशीत सुरू करून नेटाने चालवलं तर डायलिसिसचा दिवस काही वर्षं पुढे ढकलला जातो, आणि ती वर्षं पन्नाशीतली, मुलांच्या शिक्षणाची असतात. शिवाय मधल्या काळात काय काय येईल ते वर सांगितलंच. म्हणून १सी, १डी आणि १ई वर्गातल्या तरुण पेशंटांना मी हे औषध सुचवते. १ए आणि १बी वाल्यांना सहसा नाही, त्यांचा फायदा थोडा आणि त्रास तेवढाच.

त्रासाचं आता. निरोप तुटल्यामुळे दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते. तहान अशी लागते की लोक उशाशी तांब्या घेऊन झोपतात. टेम्पो चाचणीतच औषध घेणाऱ्यांपैकी २३ टक्के लोकांनी ते मध्येच सोडलं. आपल्याकडे त्यात लोकलची भर. ठाण्याहून फोर्टला जाणारे माझे एक पेशंट होते. गाडीत स्वच्छतागृह नाही, कुर्ल्याला किंवा दादरला उतरावंच लागायचं. त्यांनी पहिली गोळी पहाटे साडेपाचला घ्यायला सुरुवात केली, दुसरी आठ तासांनी दुपारी दीडला, साहेबांशी बोलून ऑफिसची वेळ सव्वा तास पुढे नेली, आणि चार वर्षं औषध चालवलं. दुसऱ्या एका ताई शाळेत शिकवायच्या. तासाच्या मध्ये वर्ग सोडता येत नाही आणि शाळेतलं स्वच्छतागृह धड नाही. दोन महिन्यांत त्यांनी सोडलं, आणि मी त्यांना दोष दिला नाही. तुमचं ऐरोली ते महापे हे अंतर लहान आणि बसून करायचं काम आहे. तुम्हाला जमेल असं मला वाटतं. सुट्टीला जोडून सुरू करा, पहिला आठवडा घरीच काढा.

लघवी फक्त गैरसोय करते, धोका यकृताचा आहे. काहींच्या यकृताला हे औषध इजा करतं आणि ती रक्ततपासणीतच आधी दिसते. म्हणून सुरुवातीला दोन आणि चार आठवड्यांनी, मग दीड वर्ष दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी यकृताची चाचणी. एकही चुकवायची नाही. त्यातलं एसजीपीटी वाढायला लागलं की औषध थांबवायचं, लगेच. आपल्याकडे टॉल्व्हाप्टनच्या १५ आणि ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या रक्तातलं सोडियम कमी झाल्यावर द्यायला केमिस्टकडे असतात, त्यामुळे कुणीतरी सहज लिहून देतं आणि पुढच्या तपासण्यांचं कुणी बोलत नाही. या आजारात डोस दिवसाला ४५ आणि १५ पासून सुरू होऊन ९० आणि ३० पर्यंत जातो, म्हणजे सोडियमसाठी देतात त्याच्या कितीतरी पट. नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांच्या, देखरेखीशिवाय एकही गोळी घेऊ नका. उलट्या-जुलाब झाले, ताप आला, पाणी पिणं शक्य नसेल तर त्या दिवशी गोळी बंद. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक किंवा बुरशीवरची औषधं चालू करताना आधी विचारा, ग्रेपफ्रूट खायचं नाही, आणि गणपतीतलं पपनसही मी टाळायला सांगते. महिन्याचा गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च आधीच लिहून काढा, कारण हे सहा महिन्यांचं काम नाही.

टॉल्व्हाप्टनच्याही आधी बीपी. १३८/८८ हे तुमच्या वयाला आणि या आजाराला जास्त आहे, त्यावर वर्षभर थांबायचं कारणच नाही. २०१४ मध्ये आलेल्या हॉल्ट-पीकेडी चाचणीत ५० वर्षांखालच्या, किडनीचं काम चांगलं असलेल्या पेशंटांपैकी काहींचं बीपी ११०/७५ च्या खाली ठेवलं. १२० ते १३० वर ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्या किडनीची वाढ १४ टक्क्यांनी कमी झाली. स्वस्तातली जुनी गोळी, आणि हा परिणाम. घरी बीपीचं यंत्र आणा, सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. चक्कर न येता घरचं बीपी ११०/७५ च्या आसपास आणायचं आहे. टेल्मिसार्टनच्या वर्गातली गोळी पहिली निवड. त्या चाचणीत लिसिनोप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन जास्त फायदा झाला नाही, तेव्हा दोन नकोत.

त्याला मिठाची जोड. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळं धरून. आपल्या खाडीकाठच्या घरांत सुकट आणि सुके बोंबील असतात, पापड-लोणचं असतं, संध्याकाळी ऑफिसखाली फरसाण. एकदम सगळं तोडू नका, पण सुकी मासळी महिन्यातून एकदा आणि ताजी हवी तेवढी, हे जमवा. वजन वाढलेलं असेल तर उतरवा, जाड माणसांत फुगे जास्त वेगाने वाढताना दिसले आहेत. किटो आहाराची जर्मनीतल्या कोलोनची चाचणी ६६ माणसांची आणि तीन महिन्यांची होती, आणि त्यात कोलेस्टेरॉल चढलं. तिच्या जोरावर घरात वेगळा स्वयंपाक मांडू नका. कंबर दुखली तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही. पॅरासिटामॉल चालेल.

पाणी. ऑस्ट्रेलियात १८४ पेशंटांवर तीन वर्षं प्रयोग झाला, एका गटाला मोजूनमापून भरपूर पाणी पाजलं. २०२२ मध्ये निकाल आला: किडनीच्या वाढीत फरक नाही. म्हणून पाच लिटरचा अट्टहास नको. लघवी पिवळी-गडद होणार नाही इतकं, साधारण तीन लिटरपर्यंत प्या, मे महिन्यात थोडं जास्त. मला कल्पना आहे की तुमच्या घरात हे अवघड जाणार. वडिलांना दिवसाचं पाणी मोजून मिळतं आणि समोर मुलगा बाटलीवर बाटली पितो. एका घरात मुलगा स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन पाणी प्यायचा. वडिलांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनीच त्याला समोर बसवून प्यायला लावलं.

डापाग्लिफ्लोझिन कुणी सुचवलं तर सध्या नाही म्हणा. इतर किडनीविकारांत ते उत्तम औषध आहे, मी रोज लिहिते, पण त्या मोठ्या चाचण्यांतून या आजाराच्या पेशंटांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, आणि ते व्हॅसोप्रेसिन वाढवतं ही शंका आहेच. या आजारापुरत्या त्याच्या वेगळ्या चाचण्या आता चालू आहेत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने मोठी चाचणी चालली आहे. स्टेम सेलचं कुणी सांगितलं तर उठून या. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर करायला मान्यता नाही. कुणी "चाचणीत घेतो" म्हणालं तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. चाचणीत भाग घेण्याचे कुणी पैसे मागत असेल तर ती चाचणीच नव्हे. आणि सुईने फुगे रिकामे करून घेऊन आजार थांबत नाही. एखादा मोठा फुगा दुखत असेल, तेवढ्यापुरता तो उपाय.

बहिणीचा प्रश्न तुम्ही विचारलात, तिने नाही. तिला हा आजार असण्याची शक्यता निम्मी आहे, तुमची होती तशीच. पण तपासणी तिच्यासाठी करायची, स्थळासाठी नाही. बीपी मात्र तिने आजच मोजावं, त्याला कुणाच्या निर्णयाची गरज नाही. सोनोग्राफीत, घरात आजार माहीत असताना, १५ ते ३९ या वयात दोन्ही किडन्या मिळून तीन फुगे दिसले तरी निदान होतं. एकही दिसला नाही तर तिच्या वयात पूर्ण खात्री देता येत नाही, ती एमआरआय देतो. त्यात पाचपेक्षा कमी फुगे असतील तर आजार नाही असं धरतात. करायचं की नाही, कळून घ्यायचं की नाही, हे तिने ठरवावं. मी इतकंच सांगेन की पूर्वी कळून उपयोग नव्हता, आता आहे. आजार निघाला, बीपी आणि किडनीचं काम चांगलं असलं, तर लग्न, बाळंतपण सगळं होतं. माझ्याकडच्या कितीतरी मुलींचं झालंय. दिवस राहायच्या आधी टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि टॉल्व्हाप्टन बंद करावं लागतं, एवढं नियोजन हवं. बाळाला आजार नको असेल तर आयव्हीएफमध्ये गर्भाची आधी चाचणी करून निरोगी गर्भ ठेवता येतो. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा आनुवंशिक आजाराच्या चाचणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. ज्या घरात ती जाणार त्यांना सांगावं असं माझं मत आहे, पण ते तिने, तिच्या शब्दांत, ज्याच्याशी लग्न करायचं त्याला. मध्यस्थामार्फत नव्हे.

वडील ५५चे असतील. मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप करणाऱ्या मुंबईच्या झेडटीसीसीच्या यादीत त्यांचं नाव आहे का? नसेल तर त्यांच्या हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयकांना या आठवड्यात भेटा. तुम्ही किडनी देऊ शकत नाही. बहिणीची आजार नसल्याची पक्की खात्री झाल्याशिवाय तिच्याकडे कुणी बोटही दाखवू नये. आईची तपासणी होऊ शकते. नव्या किडनीत हा आजार परत येत नाही, म्हणून या पेशंटांचं प्रत्यारोपण सहसा चांगलं चालतं.

नेफ्रॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना दोन आठवड्यांच्या बीपीची वही, एमआरआयची सीडी, वडिलांचा सगळ्यात जुना सापडेल तो रिपोर्ट आणि आत्याचा हॉस्पिटलचा कागद कुणाच्या कपाटात असेल तर तो, एवढं बरोबर घ्या. बहीण यायला तयार असेल तर तिला आत डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.